काखेचा वास, सोड्याचा डिओ आणि कुर्त्याची इस्त्री : एक प्रकरण

रुग्ण २९ वर्षांची. राहायला डोंबिवली पूर्वेला, नोकरी ऐरोलीत, लग्नाला तीन वर्षं झालेली. केसपेपरवर तक्रार मी तिच्याच शब्दांत लिहून घेतली: "काखेत आग होते, काळं पडलंय आणि एवढं करून वास येतोच." या एका वाक्यात तीन वेगळ्या तक्रारी आहेत. तिला त्या एकच वाटत होत्या आणि तोवर ज्यांनी ज्यांनी सल्ला दिला त्यांनाही तसंच वाटलं होतं. हे प्रकरण लिहायला घेतलं ते त्यासाठी. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि लिहायला तिची परवानगी आहे.

सोबत सासूबाई आल्या होत्या. त्यांना काहीतरी सांगायचं होतं आणि ही त्यांना बोलू देत नव्हती.

आधी काय काय झालं

कॉलेजपासून ती बाजारातला साधा रोल-ऑन वापरत होती, घाम रोखणारा, ॲल्युमिनियमचे क्षार असलेला. त्रास काहीच नव्हता. मग मावशीला स्तनाचा कर्करोग निघाला. सगळं घर हादरलं. त्याच सुमारास नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो जुना मजकूर पुन्हा फिरून आला: डिओमुळे घाम अडतो, विष बाहेर पडत नाही, ते काखेतल्या गाठींत साठतं आणि तिथून कर्करोग होतो. रोल-ऑन त्याच दिवशी कचऱ्यात गेला.

पुढे एका प्रदर्शनात 'शंभर टक्के नैसर्गिक' डिओची काचेची बरणी मिळाली. बरणीवर घटक लिहिलेले होते: खोबरेल तेल, खाण्याचा सोडा, आरारूट, मेण, टी ट्री तेल, लव्हेंडर तेल. विकणाऱ्या बाईंनी सांगितलं, पहिले तीन-चार आठवडे वास वाढेल, घाबरू नका, काख 'डिटॉक्स' होतेय.

वास वाढला आणि वाढलेलाच राहिला. तीन-चार आठवडे कधीच उलटले. तिने दुसरी बरणी आणली. एक बारीक गोष्ट तिने सहज सांगितली, मला ती फार महत्त्वाची वाटली. खोबरेल तेल २४ अंशांच्या आसपास वितळतं. एप्रिल-मे महिन्यात डोंबिवलीच्या घरात २४ अंश कुठून आणायचे? बरणीतलं मिश्रण पातळ व्हायचं, सोडा आणि आरारूट तळाला बसायचं. सुरुवातीला बोटाला येत होतं ते बहुतेक तेलच. बरणी संपत आली तसा तळाचा सोड्याचा गाळ काखेला लागायला लागला. "शेवटी शेवटी स्ट्राँग व्हायचं ते," ती म्हणाली. तिच्या लेखी ही चांगली खूण होती.

त्यात आठवड्यातून दोनदा रेझर. रेझर फिरवला की लगेच डिओ. सहाव्या-सातव्या आठवड्यात काखेत चुरचुर सुरू झाली, मग लाली, मग आग. पार्लरमधल्या मुलीने काळेपणावर लिंबू चोळायला सांगितलं, म्हणून अर्धं लिंबू काखेवर. जंतू मरावेत म्हणून जंतुनाशक साबण. शेवटी मेडिकलवाल्याने विचारलंही नाही आणि एक ट्यूब हातात ठेवली. अशा ट्यूबमध्ये जोरकस स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक असं सगळं एकत्र असतं. दोन दिवसांत आग थांबली. क्रीम बंद केलं की दुप्पट परत यायची. असे दोन महिने गेले.

या ट्यूबबद्दल एवढंच म्हणते की आपल्याकडे गजकर्णाने गेल्या काही वर्षांत जो धुमाकूळ घातला आहे, त्यात चिठ्ठीशिवाय विकल्या जाणाऱ्या या मिश्र क्रीमांचा हात मोठा आहे. हिला गजकर्ण नव्हतं, हे तिचं नशीब.

तपासणी, आणि खुंटीवरचा कुर्ता

ती ऑफिसातून थेट आली होती. संध्याकाळची वेळ, अंगावर फिकट निळा कुर्ता, काखेपाशी घामाचे गडद डाग. कुर्ता खुंटीला लावून ती तपासणीचा गाउन घालून टेबलावर आली.

दोन्ही काखांत मधोमध, जिथे खळगा सगळ्यांत खोल असतो तिथे, त्वचा लाल, पातळ, चकाकती. तिच्यावर कागदाला पडाव्यात तशा बारीक सुरकुत्या आणि भेगा. भोवती तपकिरी-काळा पट्टा. उजव्या काखेच्या पुढच्या घडीत दोन जांभळट ताणरेषा, स्टेरॉइडने त्वचा विरल्याची खूण.

लाली नेमकी कुठे आहे याला महत्त्व असतं. कपड्याच्या रंगाने किंवा शिलाईच्या घर्षणाने होणारं पुरळ काखेच्या पुढच्या-मागच्या कडांवर येतं आणि मधला खळगा सुटतो, कारण कपडा तिथवर टेकत नाही. वरून लावलेल्या वस्तूने होणारं पुरळ त्या खळग्यातच येतं. हिचं दुसऱ्या प्रकारचं होतं. त्वचेची खरवड काढून केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण) लावून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, बुरशी दिसली नाही. स्टेरॉइड लावलेल्या त्वचेत ती लपू शकते, म्हणून क्रीम बंद करून काही दिवसांनी पुन्हा पाहिली, तेव्हाही नाही. वूड्स लॅम्प या अतिनील दिव्याच्या उजेडात पोवळ्यासारखी लाल चमक दिसली असती तर एरिथ्राझ्मा हा जिवाणूंचा संसर्ग धरला असता. तीही नव्हती.

आता वास. त्वचारोगाच्या डॉक्टरला नाक वापरावं लागतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. जवळ जाऊन पाहिलं तर काखेला टी ट्री तेलाचा उग्र दर्प होता आणि त्याखाली थोडा घामाचा. दिवसभर काम करून, दोन गाड्या बदलून आलेल्या कुठल्याही माणसाचा असतो तेवढाच. पण ती दारातून आत आली तेव्हा खोलीत जो वास आला होता तो हा नव्हता. तो खुंटीवर राहिला होता.

मी सासूबाईंकडे वळले. "काकू, तुम्ही मघापासून काही सांगत होतात."

"अहो डॉक्टर, मी काय म्हणते, हिच्या धुतलेल्या कुर्त्यांना इस्त्री लावली ना, की काखेपाशी भपकारा उठतो. धुतलेल्या हं."

"आई, मशीनलाच टाकते ना मी रोज!"

त्यांच्या घरात हा वाद कित्येक आठवडे चालला असणार. सुनेला वाटत होतं सासू आपल्याला अस्वच्छ म्हणतेय, आणि सासूला वाटत होतं ही ऐकूनच घेत नाही. तोवर या प्रकरणातली सगळ्यांत उपयोगी माहिती इस्त्रीच्या टेबलावर पडून होती.

वास तयार कुठे होतो

घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. अंगभर असलेल्या एक्राइन ग्रंथींचा घाम म्हणजे मुख्यतः पाणी आणि मीठ, शरीर थंड ठेवायला. काखेत आणि जांघेत अपोक्राइन ग्रंथीही असतात. त्या वयात येताना जाग्या होतात आणि त्यांचा स्राव थोडा, दाटसर, प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ असलेला. त्यालाही वास नसतो. काखेतले जिवाणू तो खातात आणि त्यातून वासाची रसायनं सुटतात. एक आंबूस, बकऱ्यासारखा वास कोरिनेबॅक्टेरियम जातीच्या जिवाणूंमुळे येतो. कांद्यासारखा झणझणीत वास थायोअल्कोहोल नावाच्या गंधकयुक्त रसायनांचा. तो मुख्यतः स्टॅफिलोकॉकस होमिनिस या जिवाणूमुळे येतो. त्याच्याकडचं नेमकं कुठलं एन्झाइम हे काम करतं ते ब्रिटनमधल्या यॉर्क विद्यापीठाच्या गटाने युनिलिव्हरच्या शास्त्रज्ञांसोबत २०२० मध्ये दाखवलं. ही रसायनं अगदी अंशमात्र असली तरी नाकाला कळतात.

किती वास येणार हे काही अंशी जन्मतःच ठरतं. एबीसीसी ११ या जनुकाच्या एका प्रकारामुळे कोरिया, चीन, जपानकडच्या बहुतांश लोकांच्या काखेला वासच येत नाही. त्यांच्या कानातला मळही कोरडा, भुग्यासारखा असतो. आपल्याकडे बहुतेकांचा मळ ओला, चिकट. म्हणजे वास येणं ही आपल्याकडची सर्वसाधारण गोष्ट आहे, कुणाच्या संस्कारांचा प्रश्न नाही.

हे झालं त्वचेवरचं. कपड्यावर वेगळंच राज्य चालतं. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठात २०१४ मध्ये २६ जणांना जिममधल्या सायकली चालवायला लावून त्यांचे टी-शर्ट तपासले. सुती शर्टांपेक्षा पॉलिस्टरच्या शर्टांना वास ठळकपणे वाईट होता. काखेत फारसे न सापडणारे मायक्रोकॉकस जिवाणू पॉलिस्टरवर मात्र मजेत वाढले होते. पॉलिस्टर पाणी पीत नाही, तेल मात्र धरून ठेवतं. घामातलं पाणी उडून जातं आणि वासाला खाद्य पुरवणारा स्निग्ध भाग धाग्याला चिकटून राहतो. थंड पाण्यात झटपट धुतलं की तो पूर्ण निघत नाही. कपडा कोरडा आणि थंड असेपर्यंत नाकाला काही कळत नाही. इस्त्रीची वाफ लागली, किंवा सकाळच्या गाडीत अंगाची ऊब लागली, की वास उठतो.

तिच्या कुर्त्याच्या आतल्या शिलाईतून एक धागा ओढून मी पेटत्या काडीवर धरला. सूत असतं तर कागदासारखं जळून राख झाली असती. हा धागा आकसला, वितळला आणि टोकाला काळा कडक मणी उरला. "पण दुकानदार कॉटन मिक्स म्हणाला होता," ती म्हणाली. रोजच्या ऑफिसच्या कपड्यांची यादी काढली: अमेरिकन क्रेप, जॉर्जेट, दोन 'कॉटन फील', एक रेयॉन. अमेरिकन क्रेप म्हणजे पॉलिस्टरच. रेयॉन तेवढा वेगळा, तो झाडाच्या लगद्यापासून होतो आणि पाणी पितो.

आता सगळं जुळवून पाहू. त्यांच्या इमारतीत पाणी पहाटे येतं आणि दोन-अडीच तासांत जातं, म्हणून मशीन कायम 'क्विक वॉश'वर. सुवासासाठी शेवटच्या पाण्यात फॅब्रिक सॉफ्टनर, आणि त्याचा थर धाग्यावर बसतो. पावसाळ्यात कपडे गॅलरीच्या ग्रिलमध्ये, दोन दिवस अर्धओले. आणि यावर रोज सकाळी काखेला खोबरेल तेलाचा डिओ. तेल धरून ठेवणाऱ्या कापडाला रोज तेल पुरवलं जात होतं. वासावर उपाय म्हणून आणलेली बरणी कपड्यातला वास वाढवत होती. 'डिटॉक्स' संपायचं नाव घेत नव्हतं ते यामुळे.

डिटॉक्सचं म्हणाल तर त्यात एक धागा खरा आहे. घाम रोखणारं औषध बंद केलं की काखेतल्या जिवाणूंची संख्या काही दिवसांत वाढते आणि त्यांचं आपसातलं प्रमाणही बदलतं. अमेरिकेतल्या एका छोट्या अभ्यासात हे २०१६ मध्ये दिसलं आहे. तेवढ्यापुरता वास वाढू शकतो. पण त्यातून कुठलंही विष बाहेर पडत नसतं. ते काम यकृत आणि मूत्रपिंडांचं.

आग कशाची

निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, पीएच (आम्ल-क्षार मोजायचं माप) साधारण ४.५ ते ५.५. तिने शिल्लक बरणी आणली होती. तळातला गाळ चमचाभर पाण्यात ढवळून मी पीएचची पट्टी बुडवली. पट्टी हिरवट-निळी झाली, आठाच्या वर. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याचा पीएच ८.३ च्या आसपास असतोच. या मापात एक अंक म्हणजे दहापट फरक, म्हणजे साडेपाच ते साडेआठ हा हजारपटीचा फरक झाला. मग लिंबाची फोड पट्टीवर पिळली, दोनाच्या आसपास. रेझरने वरचा थर खरवडलेल्या त्वचेवर ही दोन टोकं आलटून पालटून लागत होती. साध्या वडीच्या साबणाचा पीएचही नऊ-दहा असतो, पण तो धुऊन जातो. सोडा दिवसभर, घामात भिजून, घडीत दाबला जाऊन तिथेच राहत होता.

ॲलर्जी नाही ना, हे पाहायला त्वचा शांत झाल्यावर पॅच टेस्ट केली. भारतीय प्रमाणित मालिकेतले पदार्थ आणि तिच्या डिओतली दोन्ही तेलं पाठीवर पट्ट्यांखाली लावली आणि ४८ आणि ९६ तासांनी पाहिलं. कशालाच प्रतिक्रिया नव्हती. म्हणजे ही ॲलर्जी नव्हती, सोड्याच्या क्षारतेने झालेला साधा दाह होता. टी ट्री तेल मात्र इथे निर्दोष ठरलं म्हणून सगळ्यांसाठी निर्दोष नाही. बाटली जुनी झाली, हवा-उजेड लागला की त्यातले घटक बदलतात आणि मग ते खरी ॲलर्जी करू शकतं.

काळेपणा हा तिसरा विषय, आणि त्याला स्वतंत्र उपचार नाही. दाह झाला की आपल्या रंगाच्या त्वचेत मागे डाग राहतो. दाह थांबला की तो महिन्या-महिन्यांनी फिका होतो. लिंबाने उलट दाह वाढतो.

काय केलं

पहिले दोन आठवडे काखेला काहीही लावायचं नाही असं ठरवलं. डिओ नाही, लिंबू नाही, रेझर नाही, ती ट्यूब तर नाहीच. साबणाऐवजी कमी पीएचचं सौम्य क्लीन्झर, तेही फक्त काखेपुरतं. बाकी अंगाला घरातला नेहमीचा साबण चालेल. महाग बाटली पूर्ण अंगाला लावायची काही गरज नसते. औषध म्हणून टॅक्रोलिमसचं मलम दिलं. यात स्टेरॉइड नसतं, त्यामुळे घडीतली त्वचा आणखी पातळ होत नाही. सुरुवातीचे काही दिवस ते झोंबतं, हे आधीच सांगितलं, नाहीतर दुसऱ्या दिवशी फोन येतो.

तिचा चेहरा पडला. "मॅडम, काहीच न लावता गाडीत कशी जाऊ?"

प्रश्न रास्त होता. डोंबिवलीहून सकाळची गाडी, मग ठाण्याला ट्रान्स-हार्बर मार्गाची. मुंबईच्या लोकलसाठी 'सुपर डेन्स क्रश लोड' असा शब्द वापरतात, म्हणजे चौरस मीटरला १४ ते १६ माणसं उभी. लेडीज डब्यात वरची कडी धरली की आपली काख शेजारणीच्या नाकाशी आणि तिची आपल्या. तिथे 'आत्मविश्वास ठेव' असं सांगून काही होत नाही.

मी तिला एकच बदल सांगितला: हे दोन आठवडे फक्त सुती कुर्ते. नसतील तर चार घे, फार भारी नकोत, पण धागा जाळून बघ. रात्री घरी आल्यावर हातपाय धुतेस तशा काखाही धू. सकाळी काख टॉवेलने टिपून, पंख्याखाली दोन मिनिटं कोरडी होऊ दे, मगच कपडा चढव. त्वचेला विश्रांती हवीच होती, तेव्हा त्या निमित्ताने वासाचा उगमही तपासला जाणार होता. काख तीच, डिओ काहीच नाही, बदललं फक्त कापड.

दोन आठवड्यांनी आली तेव्हा सासूबाई आधी बोलल्या: "इस्त्रीला काही येत नाही हो आता." ती स्वतः म्हणाली, घाम येतो, संध्याकाळी थोडा वासही येतो, पण 'तसा' नाही. म्हणजे त्या आधीच्या महिन्यांतल्या वासाचा मोठा वाटा कापडाचा होता.

जुने कुर्ते टाकवत नव्हते, ते साहजिक आहे. त्यांच्यासाठी: कुर्ता उलटा करायचा, काखेच्या जागी भांड्यांचं लिक्विड चोळून तेल सोडवायचं, मग कोमट पाण्यात ऑक्सिजन ब्लीचची पावडर घालून दोन-तीन तास भिजत ठेवायचा. रविवारी पाणी जास्त वेळ असतं तेव्हा पूर्ण सायकल. सॉफ्टनर बंद. वाळवताना उलटाच, मिळेल तेवढं ऊन. क्लोरीनचं ब्लीच आणि व्हिनेगर मात्र कधीही एकत्र करायचं नाही, त्यातून विषारी वायू निघतो. बरेच कुर्ते सुधारले. क्रेपचे दोन काही केल्या ऐकेनात, ते काढून टाकले. पायपुसण्यालाही उपयोग नाही, पाणीच पीत नाहीत.

दाह गेल्यावर उरलेल्या वासासाठी आठवड्यातून दोन-तीनदा बेंझॉइल पेरॉक्साइडचा कमी तीव्रतेचा वॉश दिला. मुरुमांसाठी वापरतात तोच. आंघोळीत काखेला लावून मिनिटभर ठेवायचा आणि नीट धुवायचा. जिवाणू कमी होतात. टॉवेल पांढरा घ्यायचा, कारण हे रंगीत कापडाचा रंग उडवतं.

"मग तुरटी चालेल ना?"

इथे गंमत झाली. रोल-ऑनची भीती अजून होती. ती म्हणाली, ॲल्युमिनियम नको, मी तुरटी वापरते, ती तर नैसर्गिक.

तुरटी म्हणजे पोटॅशियम ॲल्युमिनियम सल्फेट. 'क्रिस्टल डिओ' म्हणून चकचकीत डबीत मिळतो तो खडाही बहुधा हाच, आणि त्यावर 'ॲल्युमिनियम-मुक्त' छापलं असेल तर ते खोटं आहे. फरक एवढाच की रोल-ऑनमधले ॲल्युमिनियमचे क्षार घर्मनलिकांच्या तोंडाशी तात्पुरती बुचं बसवून घाम कमी करतात, आणि तुरटी प्रामुख्याने त्वचा आम्ल ठेवून जिवाणूंना आवरते. दाढीनंतर न्हावी लावतो तोच खडा, किराण्यात काही रुपयांना मिळतो. माझ्या मते तुरटी हा चांगला, स्वस्त पर्याय आहे. भिजवून हलकेच फिरवायची, रेझरच्या दिवशी नाही. फक्त ती घ्यायची तर तिच्या गुणासाठी घ्यावी, ॲल्युमिनियमपासून सुटका म्हणून नव्हे.

मग कर्करोगाचं बोललो, कारण मूळ तिथेच होतं. २००२ मध्ये अमेरिकेत सिएटलजवळच्या ८१३ रुग्ण स्त्रिया आणि ७९३ निरोगी स्त्रिया यांची तुलना झाली. घाम रोखणारं औषध किंवा डिओ वापरण्याचा, अगदी रेझर फिरवून लगेच लावण्याचाही, स्तनाच्या कर्करोगाशी संबंध दिसला नाही. २००४ मध्ये ब्रिटनमध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या २० पैकी १८ गाठींत पॅराबेन हे टिकाऊपणासाठी घालायचं रसायन सापडलं. त्याची बातमी जगभर झाली, पण ते डिओतून आलं असं त्या अभ्यासात दाखवलेलं नव्हतं आणि तुलनेला निरोगी ऊतीही घेतलेल्या नव्हत्या. अमेरिकेची राष्ट्रीय कर्करोग संस्था आजही म्हणते की असा संबंध दाखवणारा ठोस पुरावा नाही. घामातून विष निघतं आणि ते अडतं, हा तर्क तर शरीररचनेतच बसत नाही. काखेतल्या लसिका ग्रंथी, म्हणजे त्या मजकुरातल्या 'गाठी', घामात काहीही सोडत नाहीत.

तिने शांतपणे ऐकलं. रोल-ऑन परत घेतला नाही, तुरटीवरच राहिली. माझी हरकत नव्हती. उन्हाळ्यात घाम फार झाला तर घाम रोखणारं औषध सकाळच्या घाईत न लावता रात्री कोरड्या काखेला लावायचं, तेव्हा ते नीट बसतं, एवढं सांगून ठेवलं.

ऑफिसातली ती दुसरी गोष्ट

मधल्या काळात तिच्या टीमला एक मेल आला होता, सगळ्यांना उद्देशून, 'वैयक्तिक स्वच्छता राखा' असा. दुसऱ्या दिवशी तिच्या खणात कुणीतरी डिओची बाटली ठेवलेली. ती बाथरूममध्ये जाऊन रडली आणि त्या दिवसापासून दुपारचा डबा एकटी खायला लागली. घासून घासून धुणं वाढलं ते त्या दिवसापासून. जंतुनाशक साबण दिवसातून तीनदा, तेव्हापासूनच.

ही लाज नवी नाही, ती विकलीही गेली आहे. १८८८ मध्ये अमेरिकेत 'मम' नावाचं पहिलं डिओ बाजारात आलं तेव्हा लोक या विषयावर कुजबुजतही नसत. १९१९ मध्ये 'ओडोरोनो' या घाम रोखणाऱ्या औषधाची जाहिरात 'लेडीज होम जर्नल'मध्ये आली. तिचा मथितार्थ असा की बाई, तुझ्या काखेला वास येतोय, तुला कळत नाहीये आणि तुला कुणी सांगणारही नाही. सुमारे दोनशे वाचकांनी चिडून अंक बंद केला, विक्री मात्र वाढली. खणात ठेवलेली बाटली त्याच जातीची. ज्याला खरंच मदत करायची आहे त्याने बाजूला घेऊन, एकट्याने, आपल्या नावानिशी सांगावं. "अगं, या निळ्या कुर्त्याला वास राहतोय बघ," एवढंही पुरलं असतं. एकीने असं सांगितलं असतं तर हिचे दोन महिने आणि त्या दोन ताणरेषा वाचल्या असत्या.

ताणरेषा राहतीलच, थोड्या फिक्या होतील. काळेपणा चौथ्या महिन्यात निम्म्यावर आला आहे. घरी इस्त्री अजून सासूबाईच करतात.

शेवटच्या भेटीत मी तिच्या आईबद्दल विचारलं. मावशी ही आईची सख्खी बहीण, म्हणजे त्या कर्करोगाचा खरा विचार आधी आईच्या बाबतीत व्हायला हवा होता. आई ५३ वर्षांची, तिची मॅमोग्राफी एकदाही झालेली नव्हती. वर्षभर घरातली सगळी भीती एका रोल-ऑनवर खर्च झाली होती. चिठ्ठी लिहून दिली आणि एक सूचना तोंडी दिली: तपासणीच्या दिवशी काखेला किंवा छातीला काहीही लावून जायचं नाही, डिओ नाही, पावडर नाही, तुरटीही नाही. ॲल्युमिनियमचे कण फिल्मवर कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसू शकतात, आणि मग नसलेल्या गोष्टीसाठी पुन्हा बोलावणं येतं.